दावा कसोटीला लागला की पुढे काय होतं?

विज्ञान आणि धर्मश्रद्धा एकत्र नांदू शकतात का, हा वाद निघाला की दोन्ही बाजू नावं मोजायला लागतात. एक जण सांगतो, विद्युतचुंबकत्वाचा पाया घालणारा मायकेल फॅरडे आपल्या छोट्या पंथाचा निष्ठावान सदस्य होता आणि आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल तर मठातच राहायचा. दुसरा १६३३ सालचा गॅलिलिओवरचा खटला काढतो. दोन्ही याद्या खऱ्या आहेत, पण त्यातून फारसं काही हाती लागत नाही. पहिलीवरून एवढंच कळतं की एका डोक्यात दोन्ही गोष्टी मावतात. दुसरीवरून कळतं की सत्ता हातात असली की संस्था नको असलेलं मत दाबते.

माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. श्रद्धेतून एक दावा निघतो, तो मोजता येण्याजोगा असतो, कुणीतरी तो मोजतं आणि आकडा विरुद्ध जातो. त्या वेळी श्रद्धाळू माणूस काय करतो आणि वैज्ञानिक त्या आकड्यातून किती अर्थ काढतो, यावर सहजीवन टिकतं किंवा मोडतं. सहजीवन शक्य आहे असं मला ठामपणे वाटतं. पण ते आपोआप होत नाही, त्यासाठी काम करावं लागतं.

त्या कामातली पहिली पायरी म्हणजे श्रद्धा आणि तिच्या पोटातले दावे सुटे करणं. ‘हे वस्त्र पवित्र आहे’ या एका वाक्यात किमान तीन गोष्टी असतात: ते कधी विणलं गेलं, कोणाच्या अंगावर होतं आणि ते पाहताना भाविकाला काय जाणवतं. पहिली प्रयोगशाळेत मोजता येते. दुसरीबाबत काही शक्यता बाद करता येतात. तिसरीवर कुठलंही यंत्र चालत नाही.

हे उदाहरण काल्पनिक नाही. इटलीतल्या तुरीनच्या चर्चमध्ये सुमारे ४.४ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद तागाचं एक कापड आहे. त्यावर सुळी दिलेल्या माणसाची अस्पष्ट प्रतिमा दिसते आणि ते येशूचं कफन असल्याची श्रद्धा आहे. १९८८ मध्ये चर्चनेच त्याच्या एका कोपऱ्यातली पट्टी कापू दिली. ऑक्सफर्ड, झुरिक आणि अ‍ॅरिझोना इथल्या प्रयोगशाळांना जेमतेम ५० मिलिग्रॅमच्या आसपासचे तुकडे मिळाले. सोबत वय आधीच माहीत असलेल्या तीन जुन्या कापडांचे नमुने होते, म्हणजे एखाद्या प्रयोगशाळेचं काही चुकत असेल तर तिथे लगेच कळलं असतं. तुकडे धुतले, मग आम्ल-अल्क-आम्ल अशा क्रमाने स्वच्छ केले, जाळून कार्बन डायऑक्साइड केला, त्याचं ग्रॅफाइट बनवलं आणि त्वरक नावाच्या यंत्रात कार्बन-१४ चे (म्हणजे काळाबरोबर ठरलेल्या गतीने कमी होत जाणारे) अणू मोजले. ऑक्सफर्डचं उत्तर आलं ७५० वर्षं, झुरिकचं ६७६, अ‍ॅरिझोनाचं ६४६. दिनदर्शिकेच्या हिशेबात बसवल्यावर काळ निघाला इसवी सन १२६० ते १३९०. आणि या कापडाचा पहिला खात्रीलायक उल्लेख फ्रान्समधल्या लिरे गावात, १४व्या शतकातच सापडतो.

या चाचणीवर आक्षेप घेतले गेले आणि त्यांतले काही रास्त आहेत. सगळे तुकडे एकाच कोपऱ्यातले होते. नमुने क्रमांक घालून दिले असले तरी विशिष्ट विणीमुळे कुठला तुकडा कफनाचा हे ओळखू येत होतं. तिन्ही आकड्यांमधली तफावत प्रत्येकाच्या सांगितलेल्या चुकीच्या मर्यादेपेक्षा जरा जास्त आहे. पण ही तफावत शंभरेक वर्षांची आहे आणि आक्षेपकांना भरून काढायची आहेत तेरा शतकं. हिशेब करून पाहा. कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. पहिल्या शतकातल्या कापडात मूळच्या कार्बन-१४ पैकी साधारण ७९ टक्के उरलेला असायला हवा, प्रत्यक्षात सापडला सुमारे ९२ टक्के. मधे १५३२ सालची आग झाली, नंतर डागडुजी झाली, त्या काळातले धागे किंवा काजळी मिसळली, असं धरलं तरी तपासलेल्या तुकड्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त कार्बन त्या नंतरच्या मालातला असावा लागेल. इतकी भेसळ तिन्ही प्रयोगशाळांच्या धुण्यातून आणि सूक्ष्मदर्शकातून सुटणं मला पटत नाही. ज्यांना पटतं त्यांनी कापडाच्या वेगवेगळ्या भागांतून नमुने घेऊन चाचणी पुन्हा करण्याची मागणी करावी. ती मागणी पूर्णपणे वैज्ञानिक आहे आणि माझा तिला पाठिंबा आहे.

पण माझं लक्ष पुढच्या घटनेकडे जास्त आहे. १३ ऑक्टोबर १९८८ रोजी हा निकाल तुरीनचे कार्डिनल बालेस्त्रेरो यांनी स्वतः जाहीर केला. कापड चर्चच्या ताब्यात होतं, तुकडा चर्चने दिला आणि विरुद्ध गेलेला आकडाही चर्चच्याच तोंडून बाहेर आला. कफनाचं जाहीर दर्शन त्यानंतरही होत राहिलं: १९९८, २०००, २०१०, २०१५. ‘कधी विणलं’ हा दावा प्रयोगशाळेकडे गेला आणि ‘पाहून काय जाणवतं’ हे भाविकाकडे राहिलं. कोणी कोणाचं काही हिरावून घेतलं नाही.

आता याहून अवघड प्रकरण घेऊ: प्रार्थनेने रुग्ण बरे होतात का?

इथे प्रयोग बिघडायला जागा भरपूर आहेत. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे परिणाम काय मोजायचा हे आधी न ठरवणं. ताप, रक्तदाब, न्यूमोनिया, रुग्णालयातले दिवस अशा वीस गोष्टी नोंदवल्या आणि प्रत्येकीला ५ टक्क्यांची नेहमीची पातळी (निव्वळ योगायोगाने तसं दिसण्याची तेवढी शक्यता चालवून घेणारी) लावली, तर काहीही परिणाम नसताना निदान एक तरी गोष्ट ‘सिद्ध’ होण्याची शक्यता ६४ टक्के असते (या वीस गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरून). मग तेवढ्या एकीचा मथळा होतो. दुसरी चूक म्हणजे कोणासाठी प्रार्थना होते आहे हे डॉक्टरांना किंवा रुग्णाला माहीत असणं.

हे सांभाळून केलेला सगळ्यात मोठा अभ्यास २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १,८०२ रुग्ण, सहा रुग्णालयं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी. ६०४ जणांसाठी प्रार्थना झाली आणि ५९७ जणांसाठी झाली नाही. या दोन्ही गटांना एवढंच सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. तिसऱ्या गटातल्या ६०१ जणांना ती नक्की होणार असं सांगितलं होतं आणि तशी ती झालीही. प्रार्थना करणारे तीन ख्रिस्ती गट होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून १४ दिवस, रुग्णाचं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर घेऊन, ठरलेल्या शब्दांसह. परिणाम एकच आणि आधी ठरवलेला: ३० दिवसांत काही गुंतागुंत झाली की नाही. आकडे आले ५२ टक्के, ५१ टक्के आणि तिसऱ्या गटात ५९ टक्के.

पहिले दोन आकडे सरळ आहेत, फरक नाही. तिसऱ्याला घेऊन अनेक विज्ञानप्रेमी ‘प्रार्थनेने रुग्ण बिघडतो’ असं लिहितात आणि तिथे ते स्वतःच घसरतात. तो आकडा योगायोगाचा असू शकतो. ‘माझ्यासाठी प्रार्थनेची व्यवस्था करावी लागली, म्हणजे मी फारच गंभीर आहे’ या धास्तीचाही असू शकतो. अभ्यास त्यातलं काही ठरवून देत नाही. शिवाय दुसऱ्या गटातल्या रुग्णांच्या घरचे त्यांच्यासाठी प्रार्थना करत नव्हते असं कोणीच म्हणू शकत नाही. तुलना झाली ती ‘अनोळखी लोकांनी केलेली जादाची प्रार्थना’ आणि ‘तिच्याशिवाय’ यांच्यात. याहून मोठं वाक्य या अभ्यासाच्या तोंडी घालणं अप्रामाणिक आहे.

यावर धर्मचिंतकांचं एक उत्तर असतं की देव म्हणजे औषध नव्हे, दिवसाला इतके डोस दिले की इतका परिणाम, असा हिशेब त्याला लावता येत नाही. हे उत्तर सुसंगत आहे आणि मी ते मान्य करतो. पण ते स्वीकारणाऱ्याला मग पुढच्या आठवड्यात ‘प्रार्थनेने गाठ विरघळली’ असं म्हणता येणार नाही. परिणाम मोजता येत नसेल तर तो मिरवताही येत नाही. सहजीवन नेमकं इथे मोडतं. अनुकूल निकाल पुरावा म्हणून घ्यायचा आणि प्रतिकूल आला की ‘हे मोजण्यापलीकडचं आहे’ म्हणायचं, असं करणाऱ्याशी विज्ञानाला काही बोलताच येत नाही.

उलट दिशेचा धोका कमी लोकांच्या लक्षात येतो: विज्ञानाच्या ताज्या सिद्धांताला देव टांगायचा. विश्व प्रसरण पावतं आहे हे १९२७ मध्ये समीकरणांतून मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू. विश्व एका आद्य अणूतून सुरू झालं ही कल्पना त्यांनी १९३१ मध्ये मांडली. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी जाहीर भाषणात या सिद्धांताचा संबंध ईश्वरनिर्मितीशी जोडला. कुठल्याही धर्मगुरूला आनंद व्हावा असा प्रसंग, पण लमेत्र अस्वस्थ झाले आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून त्यांनी प्रयत्न केले. त्यांचं बरोबर होतं. त्या वेळी प्रसरणाचा मोजलेला वेग आजच्या सातपट होता आणि त्यावरून विश्वाचं वय दोनेक अब्ज वर्षं येत होतं, म्हणजे पृथ्वीवरच्या खडकांपेक्षाही कमी! १९५२ मध्ये रोममध्येच भरलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेत वाल्टर बाडे यांनी दीर्घिकांची अंतरं दुपटीने वाढवावी लागतील असं दाखवलं आणि वयही दुप्पट झालं. आज ते १३.८ अब्ज मानलं जातं. हा आकडा पुढे-मागे सरकला म्हणून कोणाची उपासना सरकायचं कारण नाही, कारण लमेत्रांनी ती त्याला बांधू दिली नाही.

न्यूटनने मात्र बांधली होती. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यातून साठणारे दोष केव्हातरी दुरुस्त करावे लागतील, आणि ते काम त्याने देवाकडे सोपवलं होतं. गुरू वेगावतोय आणि शनी मंदावतोय असं निरीक्षणांत दिसतही होतं. १७८५ च्या सुमारास फ्रेंच गणिती लाप्लासने दाखवलं की गुरूच्या पाच फेऱ्या आणि शनीच्या दोन फेऱ्या जवळजवळ सारख्याच काळात होतात, त्यामुळे हा फरक सुमारे ९०० वर्षांच्या चक्रात वाढतो आणि उतरतो. दुरुस्तीची गरज उरली नाही. जिवाणूंच्या शेपटीची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ती उत्क्रांत होऊच शकत नाही, हा दावाही त्याच वळणाचा. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या न्यायालयात तो टिकला नाही, आणि त्याच्या विरोधात साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः श्रद्धावान कॅथलिक आहेत. अज्ञानाच्या फटीत देव ठेवला की फट बुजते तेव्हा धक्का श्रद्धेलाच बसतो.

इथवरचे दावे ज्ञानाचे होते. श्रद्धा शरीराबद्दल निर्णय घेते तेव्हा कसोटी सगळ्यात कडक होते. यहोवाचे साक्षीदार हा पंथ १९४५ पासून रक्त घेणं नाकारतो. पंथाबाहेरच्या अनेकांना हा निव्वळ हट्ट वाटतो, पण वैद्यकाने इथे जे केलं ते शिकण्यासारखं आहे. धार्मिक कारणाने रक्त नाकारलेल्या आणि शस्त्रक्रियेनंतर हीमोग्लोबिन (दर १०० मिलिलिटर रक्तामागे) ८ ग्रॅम किंवा त्याखाली गेलेल्या ३०० रुग्णांच्या नोंदी २००२ मध्ये तपासल्या गेल्या. ७ ते ८ च्या दरम्यान असलेल्यांत मृत्यू शून्य. ४ ते ५ च्या दरम्यान ३४ टक्के. म्हणजे श्रद्धेची किंमत ग्रॅमात कळली आणि सोबत हेही कळलं की ७-८ च्या वर घाईने रक्त चढवायची गरज बहुतेकांना नसते. अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांचा १९९९ चा अभ्यासही त्याच दिशेला गेला होता.

अशा रुग्णाची तयारी नीट केली तर बरंच साधतं. काही आठवडे आधीपासून लोह आणि लाल पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन देतात. रक्त पातळ करणारी औषधं वेळेवर थांबवतात, शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड वापरतात, तपासण्यांसाठी लहान मुलांच्या नळ्यांत मोजकंच रक्त काढतात. घोटाळा बहुतेकदा कागदावर होतो. अर्जावर नुसतं ‘रक्त नको’ लिहिलेलं असतं. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा हे साक्षीदार नाकारतात, पण अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) किंवा रक्त गोठवणारे घटक घ्यायचे की नाही हे प्रत्येकाच्या विवेकावर असतं. शस्त्रक्रियेत सांडलेलं स्वतःचंच रक्त गाळून परत घेणं अनेकांना चालतं. एरिथ्रोपोएटिनच्या काही प्रकारांत अल्ब्युमिन असतं, तेही आधी विचारावं लागतं. हे सगळं एकेक करून आणि नातेवाइकांना बाहेर बसवून विचारायचं असतं.

प्रौढ माणसाने सगळं समजून नकार दिला तर तो मानावा, असं माझं मत आहे. हीमोग्लोबिन ४ वर गेलं तर धोका किती हे विज्ञान सांगू शकतं, तो पत्करावा की नाही हे सांगू शकत नाही. लहान मुलाच्या बाबतीत मात्र आईवडिलांच्या श्रद्धेला हा अधिकार नाही. जीव धोक्यात असेल तर डॉक्टरांनी न्यायालयात जावं, आणि तेवढा वेळ नसेल तर रक्त चढवावं. खरा पेच सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा. रक्त न घेतल्यास काय होईल हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का, पर्याय त्याला माहीत आहेत का आणि आईवडील खोलीत नसतानाही तो तेच म्हणतो का, हे डॉक्टरांनी आधी तपासायला हवं. दार लागल्यावर उत्तर बदललं, तर तो नकार त्याचा नव्हताच, आणि रक्त दिलं पाहिजे.