नेपोलियन, लिची आणि वटवाघूळ

मॉरिशसचे कायदे इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. संसदेचे अधिनियम, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल, सगळं. आणि फुकट मिळणारी गोष्ट वापरली नाही, तर आमच्यासारख्या सातारकराच्या जिवाला चैन पडत नाही. फक्त निमित्त हवं होतं. ते क्वात्र बोर्नमधल्या आमच्या भाड्याच्या घराच्या परसात लोंबत होतं: शेजारच्या मादामच्या लिचीची एक भलीमोठी फांदी.

दिवसा त्या फांदीबद्दल माझी काही तक्रार नसते. तक्रार रात्रपाळीची. नोव्हेंबर-डिसेंबरात लिची पिकली की अंधार पडताच दोन-अडीच फूट पंखांची वटवाघळं येतात, उलटी लटकून कचाकचा भांडतात, निम्मी लिची खातात आणि निम्मी आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर टाकतात. खाल्लेल्या निम्म्या भागाचा हिशेबही सकाळी कपड्यांवरच सापडतो. मादामच्या कानावर घातलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मिस्ये, झाड माझं आहे. वटवाघूळ माझं नाही."

युक्तिवाद बिनतोड होता. मी लॅपटॉप उघडला.

देश केवढा, तर सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. एकट्या सातारा जिल्ह्यात असे पाच बसतील. एवढ्याशा देशाचे कायदे ते कितीसे असणार, चहा उकळेपर्यंत वाचून होतील, असं कोणालाही वाटेल. पहिला चहा उकळून आटला तेव्हा एवढंच समजलं होतं, की शेजाऱ्याच्या झाडाचा मामला अधिनियमांच्या यादीत नाहीच. तो नागरी संहितेत आहे आणि ती संहिता मुळात नेपोलियनची, म्हणून फ्रेंचमध्ये आहे. १८१० साली इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतलं, तेव्हा शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे, धर्म आणि चालीरीती कायम ठेवायचं कबूल केलं होतं. इंग्रज गेले, १९६८ साली स्वातंत्र्य आलं, १९९२ साली प्रजासत्ताक झालं, तरी शेजाऱ्यांची भांडणं अजून नेपोलियनच सोडवतो. बाकीचे बहुतेक कायदे इंग्रजीत, भांडणं इथल्या क्रिओल बोलीत, आणि मी शब्दकोश उघडून.

नेपोलियनचं म्हणणं असं: शेजाऱ्याची फांदी तुमच्या हद्दीत आली, तर ती तुम्ही कापायची नाही, शेजाऱ्याला कापायला भाग पाडायचं. मूळ आलं असेल, तर मात्र हद्दीपर्यंत स्वतः खुशाल तोडायचं. युरोपभर तोफा ओढत हिंडणाऱ्या माणसाला हे ठरवायला सवड कधी मिळाली, देव जाणे. पण फांदीबाबत निकाल माझ्या बाजूचा होता, तेव्हा मी फार खोलात शिरलो नाही.

आता वटवाघूळ. ते इंग्रजीत सापडलं, २०१५ च्या स्थानिक भू-जैवविविधता आणि राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्यात. हे वटवाघूळ जगात या बेटावर आणि शेजारच्या रेयुनियोंवर एवढंच उरलेलं, म्हणजे मानाचं. त्याच वर्षी सरकारने बागाईतदारांच्या तक्रारींवरून त्याची मोठी कत्तलही केली आणि जगभरातून बोलणी खाल्ली. थोडक्यात, वटवाघळाला मारायचा अधिकार फार तर सरकारला. मला फक्त टाळ्या वाजवता येतात. त्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय.

शिवाय आपण वाचतोय तो कायदा आजचा की कालचा, हाही एक घोर. दरवर्षी अर्थसंकल्पानंतर वित्त विषयक एक 'संकीर्ण तरतुदी' कायदा येतो आणि एका दमात डझनावारी कायद्यांत शिरून कुठे शब्द काढतो, कुठे कलम खुपसतो. म्हणजे मूळ कायदा एका खिडकीत, दुरुस्ती दुसऱ्या खिडकीत आणि आपण मधे. त्यात काही कलमं मंजूर होऊनही लागू नसतात, ती राष्ट्रपतींच्या उद्घोषणेची वाट पाहत बसलेली असतात. हे सगळं प्रत्येक नागरिकाला ठाऊक आहे असं न्यायालय गृहीत धरतं. न्यायालयं आशावादी असतात.

आणि समजा, लिचीचा खटला लढवायचाच ठरवला, तर शेवटचं अपील लंडनला, प्रिव्ही कौन्सिलकडे. भारताने तो नाद १९४९ मध्ये सोडला, मॉरिशसने अजून सोडलेला नाही. तिथले निकालही फुकट वाचायला मिळतात. माझी दोरी, माझा सदरा आणि लंडनचे न्यायमूर्ती, हे चित्र मला बराच वेळ सुखावत राहिलं.

फुकट वाचनाचं व्यसन वाईट. लिची बाजूला राहिली आणि मी समुद्रकिनाऱ्यावर पोहोचलो: भरतीच्या रेषेपासून ८१.२१ मीटरचा पट्टा सरकारचा. हा आकडा मीटरात इतका वेडावाकडा आहे, कारण मुळात तो जुन्या फ्रेंच मोजणीतली सरळ पन्नास पावलं आहे. पुढे इथल्या मराठी भाषकांच्या संघटनेसाठी संसदेने केलेला एक स्वतंत्र अधिनियमच हाती लागला. ऊर भरून आला आणि त्या भरात तो शेवटपर्यंत वाचला. सभासदत्व, कार्यकारिणी, हिशेबतपासणी. ऊर पूर्ववत झाला.

अखेर नागरी संहितेतल्या फांदीच्या कलमाचा दुवा मी मादामना व्हॉट्सॲपवर पाठवला. इथेच घात झाला. मी शब्दकोश घेऊन आठवडे घालवले ती फ्रेंच मादाम वर्तमानपत्रासारखी वाचतात. त्यांनी फांदीची ओळ वाचली आणि तिथे न थांबता पुढची, मुळांचीही वाचली.

आमच्या परसात भिंतीलगत कढीपत्ता आहे. कढीपत्त्याची मुळं जमिनीखालून सरकत जातात आणि वाटेल तिथे कोंब काढतात, हे त्याच्या मालकाला कोणी सांगावं लागत नाही. भिंतीपलीकडे त्याची निम्मी वसाहत वसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळीचा आवाज आला. मादामनी आपल्या हद्दीतली मुळं भिंतीपर्यंत तोडली, कोंब उपटले आणि त्याचा फोटो मला पाठवला. खाली तोच दुवा.

मग त्यांनी माणूस लावून लिचीची फांदीही उतरवून घेतली. कायदा दोन्हीकडून तंतोतंत पाळला गेला. वटवाघळं आता झाडाच्या दुसऱ्या बाजूला, मादामच्या गाडीवर काम करतात.

फक्त मॉरिशसमध्ये कढीपत्त्याशिवाय रस्सा होत नाही, आणि त्यांच्या हद्दीत तो आता उरलेला नाही. त्यामुळे संध्याकाळी भिंतीवरून हाक येते, "मिस्ये, दोन काड्या देता?" शेजाऱ्याला कढीपत्ता देणं बंधनकारक आहे का, ते मी सध्या शोधतोय. अधिनियमांत नाही. संहिता अजून बरीच बाकी आहे.