सेल्फी पॉइंट झाला, संडासाचं काय?

परवा रात्री लालबागला आमच्या नेहमीच्या कोपऱ्यावर बसलेलो, पाऊस नुकताच थांबलेला, कट्टा ओला म्हणून प्रत्येकाच्या बुडाखाली पेपर. बाळ्या गणपती करून कणकवलीकडून परत आलेला आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. काय झालं विचारलं तर म्हणतो, अरे आमच्या वाडीच्या वरच्या धबधब्यापाशी ग्रामपंचायतीने सेल्फी पॉइंट केलाय, लाल बदाम आणि पुढे गावाचं नाव हे एवढ्या मोठ्या अक्षरात, त्यातलं एक अक्षर पहिल्याच पावसात वाकलं, आणि गाड्यांतून उतरणाऱ्या बायका आमच्या घरी येऊन विचारतात मावशी जरा बाथरूमला जाऊ का, आई दिवसभर दारच उघडतेय.

सुन्या लगेच पंचायतीच्या बाजूने उभा (याचा भाऊ झेडपीत, त्यामुळे घरचंच कार्य). म्हणे पंचायतीकडे पैसे आहेत कुठे, क वर्ग, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या पर्यटनस्थळाचा दर्जा मिळवा, जिल्हा नियोजनातून निधी आणा, मग बोला.

मास्तर चहा फुंकत म्हणाले, निधी निधी काय करता. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 29 विषय आहेत, त्यात रस्ते आहेत, जत्रा-बाजार आहेत, पण पर्यटन नाही. मात्र केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचे 2021 ते 2026 साठी जे पैसे गावाला, त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले, म्हणजे संडास आणि कचरा यांच्यासाठी पर्यटनाचं डोकं लावायलाच नको, ते आधीच करायचं काम आहे. उरलेल्या 40 टक्क्यांतून बदाम उभे करा हवे तेवढे. आणि 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात यात्राकर आहे तो कोण वसूल करतंय? पार्किंगला पावती फाडायला सरपंचांना लाज वाटते, मतदारांचे पाहुणे ना सगळे.

मी मध्ये पडलो. म्हटलं वेळास बघा, मंडणगड तालुक्यातलं, कासवांचं गाव, तिथे लोकांच्या घरातच राहायचं, त्यांच्याच चुलीवरचं जेवायचं, वनखातं आणि एक निसर्गसंस्था मागे उभी, हॉटेल बांधायला कोणी निधी मागितला नाही. सुन्या म्हणाला, बरोबर, पण वेळासला जायचा रस्ता कासवांनी केला का? आता याला उत्तर नव्हतं. मग तोच म्हणाला, भिलार घे, 2017 ला पुस्तकांचं गाव झालं, लोकांच्या ओसरीवर पुस्तकं, ओसरी गावाची खरी पण पुस्तकं सरकारची, सरकार उतरलं नसतं तर ते नुसतं स्ट्रॉबेरीचं गावच राहिलं असतं.

तेही पटण्यासारखं, पण माझं म्हणणं वेगळं होतं. पैसे कोणी दिले त्यापेक्षा पुढच्या पावसाळ्यात झाडू कोण मारणार हे कागदावर कुठे लिहिलेलं असतं? उद्घाटनाला नारळ फोडायला रांग, आणि संडासाची टाकी भरली की रिकामी करायचा खर्च कोणाच्या खात्यात टाकायचा हेच ठरत नाही. साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर निदान गावांच्या समितीकडे तिकीट आहे, त्या पैशातून तिथलीच माणसं देखरेख करतात, कुंपणावरून भांडणं झाली ती वेगळी गोष्ट.

बाळ्या खवळला. अरे 1997 ला आमचा सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, विमानतळ सुरू व्हायला 2021 उजाडलं, आणि माझी आई अजून तिथेच उभी, दाराच्या कडीला हात लावून.

मास्तर म्हणाले, मग 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा आणि मांड हे सगळं, पार्किंगची पावती, संडास, सफाईला दोन माणसं, सगळं लेखी दे.

बाळ्या गप्प. मग म्हणाला, रजा संपलीय, गणपतीतच सगळी गेली.

सुन्या हसला. आईला म्हण तू जा.

म्हटलंय, बाळ्या म्हणाला. ती म्हणते दार कोण उघडेल मग.