लायसन्स आहे हो, पण किचन कसंय?

मागच्या रविवारी भाचा आला होता, कार्डिफला (ब्रिटनमधल्या वेल्समध्ये) शिकतो, दोन वर्षांनी पुण्यात आला म्हटल्यावर पहिली फर्माईश अर्थातच मिसळ. पेठेतल्या आमच्या नेहमीच्या ठिकाणी गेलो (नाव लिहीत नाही, कमेंटमध्ये विचारू पण नका). तुफान गर्दी, अर्ध्या तासाने टेबल मिळालं, आणि पोऱ्याने ज्या फडक्याने टेबल पुसलं त्याच फडक्याने ओल्या डिश पुसून त्यात फरसाण टाकलं. मी वीस वर्षं बघतोय हे, आता दिसतच नाही खरं म्हणजे. त्याला दिसलं. म्हणाला, मामा, इथे दारावर नंबर नसतो का?

तो तिकडे एका टेकअवेत पार्टटाईम करतो, तिथे काउन्सिलचा (म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा) माणूस न सांगता टपकतो आणि तीन गोष्टी बघतो, पदार्थ कसे हाताळता, जागा कशीय, आणि हे रोज नीट चालावं म्हणून काय सोय ठेवलीय, म्हणजे फ्रिजचं टेंपरेचर लिहायची वही वगैरे. मग 0 ते 5 मधला एक नंबर. चवीचा काही संबंध नाही. वेल्समध्ये 2013 पासून तो दारावर लावणं कम्पल्सरी, फोनवर विचारलंत तरी सांगावा लागतो. शेजारी इंग्लंडमध्ये मात्र मर्जी, मग काय, 5 वाला चिकटवतो आणि 1 वाला विसरतो!! ऑनलाइन मात्र दोघांचेही दिसतात, तपासणीच्या तारखेसकट.

आपल्याकडे एफएसएसएआयचं (म्हणजे खाद्यपदार्थांचे परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं) हायजीन रेटिंग आहे, खरंच आहे, स्मायली देतात. पण हॉटेलवाल्याने स्वतःहून अर्ज करायचा आणि ऑडिटचे पैसेही त्यानेच भरायचे. ज्याच्या मागच्या बोळात गोणपाटावर कांदा चिरला जातो तो कशाला मरायला अर्ज करेल? बिलावर 14 आकडी नंबर असतो (जानेवारी 2022 पासून छापावाच लागतो), लोक त्यालाच स्वच्छतेचं सर्टिफिकेट समजतात. अहो तो परवान्याचा नंबर आहे, गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून ब्रेक लागतात असं असतं का? आणि अ‍ॅपवरचे स्टार तर पार्सल गरम आलं म्हणून दिलेले.

बायको म्हणते पाकीट सरकवलं की पाचच्या पाच स्मायली. हो, होईल तसंही. म्हणून तर नुसता नंबर नको, कोणत्या तारखेला काय सापडलं ते सगळ्यांना बघता आलं पाहिजे, मग पाच स्मायली आणि तेच कळकट फडकं असा फोटो कुणीतरी टाकेलच, पुणेकर गप्प बसतोय होय. वडापावच्या गाडीवाल्याला याचा त्रास होईल म्हणणाऱ्यांना एवढंच, गाडीवाल्याचं सगळं डोळ्यासमोर असतं, मला भीती वाटते ती एसी हॉलच्या मागे असतं त्या दाराची.

'उगाच बसून राहू नये' अशा पाट्या लावायला भिंत आहे ना, तिथेच एक स्टिकर मावेल.

पुण्यात कुणी दारावर स्मायली लावलेलं हॉटेल बघितलं असेल तर फोटो टाका, मला खरंच बघायचंय. भाच्याने मिसळ संपवली म्हणा, सॅम्पल दोनदा मागून घेतलं.