फुल्यावालं चालत नाही

रात्रीचे साडेनऊ, एस.टी. स्टँडसमोरचं लॉज, एका रात्रीचा मुक्काम, भाडं आगाऊ दिलेलं. काउंटरवरच्या पोराने माझ्या आधारची झेरॉक्स ट्यूबलाइटकडे धरली, उलटी केली, परत सुलटी केली आणि म्हणाला, "साहेब, हे फुल्यावालं चालत नाही."

गोष्ट परवाची आहे, त्यामुळे राग अजून कोमट आहे.

फुल्यावालं म्हणजे मास्क्ड आधार. बारा अंकांपैकी पहिल्या आठांवर फुल्या, शेवटचे चार उघडे. बाकी नाव, पत्ता, फोटो, क्यूआर कोड सगळं जागच्या जागी. हे काही मी घरी बसून व्हाइटनर लावून बनवलेलं नव्हतं. आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावर नंबर आणि ओटीपी टाकून आत जायचं, डाउनलोडच्या पानावर 'मास्क्ड' असा एक चौकोन असतो त्यावर टिचकी मारायची (ती विसरली की अख्खा नंबर छापून येतो) आणि पीडीएफ उतरवायची. पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. नाव आणि जन्मवर्ष कार्डावर छापलेलं असतंच. कुलूप लावून किल्ली दारालाच टांगायची ही पद्धत मला फार आवडते. निदान शोधायला त्रास नको.

"मला वाटलं, कुणी शिवी लिहिलीय," पोरगा म्हणाला. ते मात्र मला पटलं. आपल्याकडे फुल्या फुल्या छापून येतात ते बहुतेक कुणाच्या तरी आईवरूनच.

"अरे, हे सरकारीच आहे. खाली क्यूआर आहे बघ, तो स्कॅन कर."

"पैसे तर दिलेत ना तुम्ही?"

"पैशांचा नाही. ओळखीचा."

त्याने मोबाइल काढला, पैसे पाठवायचं ॲप उघडलं, माझ्या आधारवर धरलं आणि स्क्रीन मला दाखवली. "अवैध कोड म्हणतंय. बघा, म्हणजे कार्डच चालत नाही."

आता हे रात्री पावणेदहाला कोण कुणाला समजावणार? त्या कोडात नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो आणि आधारचे फक्त शेवटचे चार अंक असतात, आणि वर प्राधिकरणाची डिजिटल सही असते. प्राधिकरणाच्या ॲपने तो वाचला की मजकूर खरा की कुणी खाडाखोड केलेला, ते लगेच कळतं. इंटरनेटसुद्धा लागत नाही. उलट झेरॉक्सवरून काहीही सिद्ध होत नाही. कुणीही संगणकावर नाव बदलून, माझ्या पत्त्यावर स्वतःचा फोटो चिकटवून छापून आणावं. आणि झेरॉक्समध्ये फोटो असा उतरतो की तो माणूस आहे एवढंच छातीठोकपणे सांगता येतं. थोडक्यात, ज्याने खात्री होते ते चालत नाही, आणि ज्याने काहीच होत नाही त्याच्या दोन प्रती लागतात.

पोराने मग समंजस तोडगा काढला. खिशातलं बॉलपेन काढलं, टोपण दातात धरलं आणि पेनाचं टोक पहिल्या फुलीवर टेकवलं.

"सांगा."

"काय सांगू?"

"आतले आकडे. मी वर लिहून घेतो."

मी गप्प. फुलीखाली आकडा असतो, तो आपल्याला माहीत असतो, मग तो लिहिला की झालं, यात अडचण कसली? तर्काला कुठे फटच नव्हती. व्हर्च्युअल आयडी देऊ का, असं विचारायचं तोंडावर आलं होतं. तो सोळा अंकी तात्पुरता नंबर 2018 पासून आहे, त्यावरून मूळ आधार नंबर काढता येत नाही, नको झाला की नवा बनवता येतो. पण "साहेब, यात चार आकडे जास्त आहेत" हे उत्तर मला आधीच ऐकू आलं.

इतक्यात मागून काका पुढे आले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, काखेत घडी केलेलं वर्तमानपत्र.

"अहो, देऊन टाका की नंबर. आपल्याला काय लपवायचंय? घे रे, माझा लिही आधी." आणि काकांनी नंबर म्हणायला सुरुवात केली. म्हणायला म्हणजे अक्षरशः म्हणायला. पावकी-निमकी पाठ केलेल्या पिढीचा तो आवाज होता. चार अंकांवर थांबा, आठ अंकांवर श्वास, बाराव्यावर समेवर येऊन मान खाली. पोराला कळलं नसेल म्हणून दुसऱ्यांदा म्हणून दाखवला. मग मोबाइल नंबर. मग जन्मतारीख, तीही तिथीसकट. बाकड्यावर दोघे जण टीव्ही बघत होते, त्यांनी आवाज कमी केला. चहाचे ग्लास गोळा करणाऱ्या मुलाला तिथेच परीक्षेला बसवलं असतं, तर पहिल्या नंबराने पास झाला असता.

"बघा," काका माझ्याकडे वळून म्हणाले, "काय झालं मला? काही नाही. ज्याचं काही वाकडं असतं, त्यालाच भीती."

पोराने रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, इथवर काकांनी मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलं. पुढचा रकाना होता 'येण्याचे कारण'. पेन थांबलं.

"हे कशाला?"

"काका, रकाना आहे."

"रकाना असू दे. मी का आलोय, त्याच्याशी तुझा संबंध काय?"

"माझा नाही काका. पोलीस बघतात."

"पोलिसांचा तरी काय संबंध? कोर्टाचं काम असेल, दवाखाना असेल, पोरीला स्थळ बघायला आलो असेन. ते गावभर करायचं?"

"गावभर नाही, वहीत लिहायचंय."

"आणि वही काय तिजोरीत असते? आता हे गृहस्थ उभेच आहेत ना इथे, वाचत!" मी खरंच वाचत होतो. छताकडे बघायला लागलो. पोराने 'काम' एवढंच लिहा म्हणून सुचवलं, तर काका भडकले, "काम म्हटलं की लोक विचारतात, कसलं!" शेवटी त्यांनी त्या रकान्यात ठसठशीत 'खासगी' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

के. एस. पुट्टस्वामी या कर्नाटक उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींनी 2012 साली याचिका केली. सर्वोच्च न्यायालयाचं नऊ न्यायाधीशांचं घटनापीठ बसलं आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी 547 पानांत म्हणालं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. काकांनी ते एका शब्दात उरकलं. फक्त आधार नंबर म्हणून दाखवल्यानंतर.

मीही नंतर हरलो. पाठीला बॅग, समोर दुसरं लॉज नाही. पोराच्या कानाशी वाकून आठ अंक हळूच सांगितले. त्याने खात्रीसाठी एकेक अंक मोठ्याने म्हणत फुल्यांवर गिरवला. एक अंक चुकीचा सांगायचा मोह झाला होता. तसा शेवटचा अंक त्यासाठीच असतो. व्हेरहोफ नावाच्या पद्धतीने आधीच्या अकरांवरून तो ठरतो, आणि कुठलाही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले की हिशेब जमत नाही. पण हे संगणकाला कळतं. बॉलपेनला कळत नाही.

झेरॉक्सवर आडवी ओळ लिहायला मात्र मी हट्टाने पेन मागून घेतलं: 'फक्त या लॉजमधील एका रात्रीच्या मुक्कामासाठी', तारीख, सही. ही ओळ समासात लिहू नये, समास कापता येतो. नावावरून आणि फोटोच्या कडेवरून जायला हवी, मजकूर वाचता येईल इतपत. "खराब केलंत," पोरगा म्हणाला आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

त्या ड्रॉवरबद्दल बोलायलाच हवं. 2018 च्या मार्चमध्ये ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं की आधारची माहिती 13 फूट उंच आणि 5 फूट जाड भिंतींच्या आड सुरक्षित आहे. असेलही. मी ज्या भिंतीबद्दल बोलतोय ती पाऊण इंची प्लायवूडची होती, तिला कुलूप नव्हतं, आणि आत वीतभर उंच आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा, त्यावर सेलोटेप, उदबत्तीचा अर्धा पुडा आणि गुळगुळीत झालेली दहाची नोट होती. पाच फुटी भिंत फोडायला कोण जाईल? आणि यंत्रावर बोट टेकवलं तर निदान नोंद राहते. मागच्या सहा महिन्यांत कुणी, कधी, बोटाने की ओटीपीने तुमची ओळख तपासली, ते संकेतस्थळावर आपल्याला पाहता येतं. ड्रॉवरची नोंद कुठेच नाही.

बरं, हे कुणाला ठाऊक नाही असंही नाही. 27 मे 2022 रोजी प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या, परवाना नसलेल्या हॉटेलांना आणि सिनेमागृहांना प्रती घेता येत नाहीत, तो गुन्हा आहे. मी आनंदलो. 29 मेला पत्रक मागे घेतलं, गैरअर्थ निघू शकतो म्हणून. नंबर देताना नेहमीची खबरदारी घ्या, एवढंच उरलं. दोन दिवसांत काय गैरअर्थ निघाला असता? लोकांनी खरंच झेरॉक्स द्यायचं बंद केलं असतं हाच. कायद्यात तर आजही लिहिलेलं आहे की ऑफलाइन, म्हणजे नुसता कागद किंवा क्यूआर बघून, ओळख तपासणाऱ्याने आधार नंबर गोळा करायचा नाही, साठवायचा नाही, आणि दुसरी कुठली कागदपत्रं चालतील हे आपण होऊन सांगायचं. हे कलम वाचून दाखवलं असतं, तर मला स्टँडवरच्या बाकावर झोपावं लागलं असतं.

"नंबर कळला तर काय होतं?" या काकांच्या प्रश्नाला खरं उत्तर आहे. नुसत्या नंबराने फारसं नाही होत. पण गावच्या दुकानात आधारवरून पैसे काढायला तीनच गोष्टी लागतात: बँकेचं नाव, आधार नंबर आणि बोट. पिन नाही, ओटीपी नाही. आणि बोट आपण कुठे कुठे उमटवून ठेवलंय? जमिनीच्या दस्तावर अंगठा असतो आणि बऱ्याचदा शेजारीच आधार नंबर. अशा नोंदणीच्या कागदांवरून ठसे उचलून, त्यांचे रबरी साचे करून लोकांची खाती रिकामी केल्याची प्रकरणं पोलिसांनी पकडली आहेत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा फुटला तर नऊ बोटं उरतात, पुढे काय?

यावर उपाय आहे, बायोमेट्रिक लॉक. प्राधिकरणाच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर दोन मिनिटांत लागतो, मोबाइल जोडलेला हवा एवढंच. बोटं, डोळे, चेहरा तिन्ही बंद. गरज पडली की तात्पुरतं उघडायचं, दहा मिनिटांत आपोआप पुन्हा बंद होतं. मग दुकानदाराचं यंत्र आधी जागं करून घ्यायचं आणि नंतरच उघडायचं, नाहीतर वायर शोधण्यातच दहा मिनिटं जातात. लॉक असताना बोट ठेवलं की यंत्र 330 हा आकडा दाखवतं, ठसा जुळला नाही तर 300. दुकानदार दोन्हींचं भाषांतर एकच करतो: "सर्व्हर डाउन."

आणि हे 300 प्रकरण विनोदाचं नाही. सिमेंट कालवणारे, भांडी घासणारे, सत्तरी ओलांडलेले, यांच्या बोटांच्या रेघाच झिजलेल्या असतात. थंडीत कातडी कोरडी पडली की आहेत त्याही उमटत नाहीत. काच कोरड्या फडक्याने पुसावी, बोट जरा चोळून ऊबदार करावं, टोक न टेकवता सपाट मांस टेकवावं, फार दाबू नये (रेघा चपट्या होऊन एकमेकींत मिसळतात), अंगठा नाही चालला तर दुसरी बोटं बघावीत. हे रेशनच्या रांगेत म्हातारीला कोण सांगतं? तिला सांगतात, "आजी, उद्या या." तिचं नाव बरोबर, कार्ड बरोबर, ती स्वतः समोर उभी, आणि यंत्र म्हणतं ही ती नव्हे. सही करता यावी म्हणून आपण दोन पिढ्या साक्षरता वर्ग चालवले, अंगठेबहाद्दर ही शिवी केली, आणि आता पदवीधरही अंगठाच पुढे करतो. तोही जुळत नाही.

सकाळी खोली सोडताना मी झेरॉक्स परत मागितली.

"परत? कशाला?"

"काम झालं ना."

त्याने ड्रॉवर उघडला, सेलोटेप बाजूला केली, गठ्ठा चाळला. "लायसन्स दिलं असतं तरी चाललं असतं साहेब," चाळता चाळता सहज म्हणाला. मी काही बोललो नाही. माझा कागद सापडेना. पोलीस चौकीत गेला असेल, खाली घसरला असेल, म्हणाला. बस सुटायची वेळ झाली. त्याला माझी दया आली असावी. वरचा एक कागद काढून त्याने पुढे केला.

"ही न्या. फोटो साधारण तुमच्यासारखाच आहे."

फोटो नेहमीप्रमाणे डांबरात बुडालेला होता. नंबर मात्र स्वच्छ होता, बाराच्या बारा अंक, एकही फुली नाही. वाचायची गरजच पडली नाही. पहिल्या चार अंकांवर थांबलो आणि चाल आठवली. फाडून टाकू म्हणून घेतली, बसमध्ये कचऱ्याची पेटी नव्हती. काका अजून माझ्या पाकिटात आहेत.