ओके म्हणजे 'ऑब्जेक्शन किल्ड'? काहीही!

तो 'रोजच्या शब्दांचे फुलफॉर्म' वाला मेसेज परत फिरतोय. एरवी मी बघून सोडून दिला असता, पण या वेळी मामांनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि भाचीने जसाच्या तसा प्रोजेक्टच्या वहीत उतरवला, वर स्केचपेनने चौकट काढून. ओके म्हणजे 'ऑब्जेक्शन किल्ड', न्यूज म्हणजे 'नॉर्थ ईस्ट वेस्ट साऊथ', पेन म्हणजे 'पॉवर एनरिच्ड इन निब'. आता मात्र बास.

ओकेवर सगळ्यात जास्त थापा आहेत. ऑब्जेक्शन किल्ड म्हणे! कोणाचं ऑब्जेक्शन, कुठे, कधी, एक अक्षर नाही. मी ग्रुपवर हे विचारलं तर लगेच दुसरी थिअरी हजर, की अमेरिकेच्या यादवी युद्धात ज्या दिवशी कुणी मेलं नाही त्या दिवशी पाटीवर 'झिरो किल्ड', म्हणजे शून्य आणि के, लिहायचे. अहो, ते युद्ध सुरू झालं १८६१ ला आणि ओके छापून आलंय २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये. २२ वर्षं आधीच!

खरी गोष्ट जास्त गमतीची आहे. त्या काळी बॉस्टनच्या पेपरवाल्यांना मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची खोड लागली होती, 'ऑल राइट'ला ओडब्ल्यू, आणि 'ऑल करेक्ट'चं स्पेलिंग ओ आणि के ने करून ओके. छापलं कुठे, तर अँटी-बेल-रिंगिंग सोसायटी नावाच्या टवाळ मंडळाबद्दलच्या मजकुरात. हे मी मनाचं सांगत नाहीये, कोलंबिया विद्यापीठाच्या अ‍ॅलन वॉकर रीड यांनी जुने पेपर चाळून १९६३-६४ मध्ये सगळं मांडलंय. असले बाकीचे जोक विरले, ओके टिकलं कारण १८४० च्या निवडणुकीत अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांचं टोपणनाव होतं 'ओल्ड किंडरहूक', त्यांच्या गावावरून, आणि समर्थकांनी ओके क्लब काढले. ते पडले, पण शब्द तोवर सगळीकडे पोचला होता.

न्यूज म्हणजे 'न्यू' चं अनेकवचन, नव्या गोष्टी, विषय संपला.

'कोल्ड म्हणजे क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज' याची मात्र खरंच चीड आली. तसा आजार आहे, सीओपीडी म्हणतात तोच, त्यात श्वासाच्या नळ्या अरुंद होतात, बहुतेक वेळा वर्षानुवर्षांच्या सिगरेटने किंवा धुराने. पण साध्या सर्दीशी त्याचा काय संबंध, ती व्हायरसने होते आणि साधारण आठवड्याभरात जाते. मामींना नेमकी सर्दी झालेली, त्या दोन दिवस 'माझं फुप्फुस गेलं का रे' म्हणून मला फोन करत होत्या. मेसेज टाकणारे मामा शेजारीच बसलेले!

एक मान्य करावं लागेल. बाय म्हणजे 'बी विथ यू एव्हरीटाइम' असं त्यात आहे, ते 'एव्हरीटाइम' कुणीतरी मागून चिकटवलंय, पण गुडबाय हा 'गॉड बी विथ यी' चाच आखडलेला अवतार आहे. म्हणजे एक दगड आंब्याला लागला.

आणि ते पेन. लॅटिनमध्ये 'पेना' म्हणजे पीस, लोक पिसाने लिहायचे म्हणून पेन. भाचीला हे सांगितल्यावर तिने चौकटीतलं खोडलं आणि शेजारी एक वाकडंतिकडं पीस काढलं.