कशाच्या आधी काय झालं?

दर १२ जानेवारीला सोलापुरात मोबाईलवर तोच मजकूर फिरतो. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. १९३१, येरवडा, फाशी. खाली हात जोडलेले. भावना खरी असते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण याला गोष्ट म्हणता येत नाही. आणि पोरांना आपण नुसत्या नोंदीच देत राहिलो, तर चार हुतात्मा चौक त्यांच्यासाठी रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता एवढाच उरेल.

गोष्टीला क्रम लागतो, पण नुसता क्रम पुरत नाही. चादर कशी होते हे सांगताना आपण म्हणतो, आधी सूत रंगवायचं, मग कांड्या भरायच्या, मग मागावर विणायचं. क्रम चोख, पण हे रोजचंच. "त्या रात्री पाळी सुटायच्या बेताला सूत तुटलं, माग थांबला आणि मालक नेमका तेव्हाच आत आला" म्हटलं की ऐकणारा मान वर करतो. एकदाच घडलेलं काहीतरी सुरू झालेलं असतं.

विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वॉलेट्झकी या अमेरिकी अभ्यासकांनी १९६७ मध्ये यावर फार नेमकं लिहिलं. ते साध्यासुध्या माणसांना विचारायचे, कधी जिवावर बेतलं होतं का? त्या उत्तरांतून त्यांनी कसोटी काढली : निदान दोन वाक्यं अशी हवीत, की त्यांची अदलाबदल केली तर घडलेलंच बदलावं. शिवाय, लबॉव्हनी पुढे म्हटलं, सांगणाऱ्यानं "बरं, मग काय?" या प्रश्नाला जागाच ठेवू नये.

ही कसोटी त्या चौघांच्या फाशीमागच्या, मे १९३० च्या सोलापूरला लावून बघा. गांधीजींना अटक झाली, शहर पेटलं, ८ मेला गोळीबार, १२ मेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल. आता "जमाव खवळला. गोळीबार झाला." आणि "गोळीबार झाला. जमाव खवळला." शब्द तेच, पण दोष एकाकडून दुसऱ्याकडे गेला! म्हणून मी क्रमाबद्दल एवढा हट्ट धरतो. कोण आधी, कोण नंतर, हे ठरवणाराच न्याय करत असतो, मग तो सरकारी कारकून असो की आपण.

तुमच्या घरात पणजोबा-पणजीकडून मार्शल लॉचं काही आलं असेल तर खाली लिहा. तारीख नसली तरी चालेल. कुणी दार उघडलं, कोण आत आलं, आणि त्यानंतर काय झालं, एवढं लिहा.