साडेचार फुटी होत नाही

पडद्याचं कापड घ्यायला निघताना खिडकी नीट मोजून चिठ्ठीवर लिहून नेली होती : उंची १३७ सेंटिमीटर. दुकानदारानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "इंचात सांगा ना, साहेब."

बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांना स्वतःला काही घ्यायचं नव्हतं, घरची मंडळी आत साड्या उलगडून बसली होती. "आणा इकडे," म्हणत त्यांनी चिठ्ठी ताब्यात घेतली. "एकशे सदतीस? खिडकी आहे का कुतुबमिनार?" दोन बायका हसल्या. मग मला सगळ्या दुकानासमोर खिडकी हातानं दाखवायला लावली. "चार फूट," आजोबांचा निकाल. साडेचार, चोपन्न इंच, असं मी म्हटलं तर, "मग आधीच नाही का सांगायचं मराठीत!"

एवढ्यावर थांबतील तर शपथ. उठून त्यांनी ताग्याचं टोक नाकाशी धरलं, मान एकीकडे वळवली, दुसरीकडे हात ताणला. "हा झाला वार. छत्तीस इंच. आमच्या आईचं नऊवारी असंच मोजून यायचं." आजोबांचा एकूण बांधा बघता तो वार तिशीतच दमला असणार. पण दुकानदार भक्तिभावानं बघत होता. हातात सरकारी शिक्क्याची मीटरपट्टी असलेला माणूस!

१९५६ साली कायदा करून आपण मेट्रिक मापं आणली. शाळेत डेसिमीटर, डेकामीटर पाठ करून घेतले. ते डेकामीटर पुढे आयुष्यात कुठे भेटले असतील तर सांगा. प्लायवूड आजही आठ बाय चार फूट, जाडी मात्र अठरा मिलिमीटर. सुतार त्यातून 'दोन सूत' तासतो. आठ सुतांचा इंच, हे कुठल्या पुस्तकात होतं? गुंठा तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, आणि त्या गुंठ्यापर्यंत जायचा रस्ता किलोमीटरमध्ये. १९८३ पासून प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात जेवढं अंतर कापतो तेवढा मीटर, असं जगानं ठरवलंय. आमच्या पेठेत नाकापासून बोटापर्यंत.

दुमड धरून पडद्याला चौसष्ट इंच, दोन पडद्यांना सव्वातीन मीटर. दुकानदार म्हणाला, "चार घ्या." साडेतीन का नको? "आटतं." पॉलिएस्टर आटतं? त्यावर तो गप्प, कात्री चालू. शिंप्याकडे दर दोनच : पाच फुटी आणि सात फुटी. "साडेचार फुटी होत नाही." होत नाही म्हणजे? कापायचं कमी, शिवायचं कमी, पैसे पाच फुटाचे!

"अहो, अर्ध्या फुटाचं काय घेऊन बसलात?" आजोबा बाकावरून म्हणाले.

घेऊन कुठे बसलो? देऊन आलो.